नकोशीच्या रक्ताचा रिपोर्ट

सारजाला ओळीनं तीन मुली झाल्या आणि चौथीही मुलगीच झाली, तेव्हा तिनं बाळाकडं पाठ केली आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. कळस गावात तेव्हा रीतच होती. मुली आता पुरे झाल्या असं देवाला कळवायचं, तर शेवटच्या पोरीचं नाव नकोशी ठेवायचं. तसं ठेवलं. आणि दोन वर्षांत खरोखरच जोतीराम जन्मला. आता बोला! जिच्या नावावर हा मुलगा मिळाला, त्या पोरीचं निदान नाव तरी बदलायचं? छे! कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शाळेत तेच नाव, रेशनकार्डावर तेच, आणि लग्नात नवऱ्यानं उखाण्यात घेतलं तेही तेच.

पण पोरगी अशी होती की तिनं याचा राग कधी धरला नाही. जोतीरामाला कडेवर घेऊन ती एवढी हिंडली, की माझी कंबर तुझ्यापायी वाकडी झाली म्हणून त्याला जन्मभर चिडवायची. बाप म्हस्कू मेंढरं राखायचा. तो खोकून खोकून गेला तेव्हा नकोशी अकरा वर्षांची होती. थोरल्या तिघी लग्न होऊन गेलेल्या. मेंढरांमागं जायला घरात होतं कोण? नकोशीनं पाटी जोतीरामाला दिली आणि काठी उचलली. पुढं तिलाही बापाचाच खोकला लागला. इंदापूरच्या दवाखान्यात सुया सुरू झाल्या, दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटल्यावर मेंढरं सोडून रोज इंदापूरला कोण जातं? सुया बंद पडल्या.

या मेंढरांच्या जिवावर जोतीराम बारावी झाला, पुण्याला जाऊन लॅबचा कोर्स केला आणि बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागला. गावाला वाटलं हा डॉक्टरच झाला. तो सांगून सांगून दमला, की बाबांनो, मी औषध देत नाही, मी फक्त रक्त बघतो. पण तेही तो असं बघायचा की विचारू नका. काचेच्या नळ्या दुसऱ्याला धुऊ द्यायचा नाही. कुणी उपाशीपोटी ये म्हटलेलं असताना चहा पिऊन आला, तर भर लॅबमध्ये त्याची हजेरी घ्यायचा. "माणूस खोटं बोलतो, नमुना बोलत नाही," हे त्याचं पालुपद. लॅबच्या मॅडम म्हणायच्या, जोतीराम आहे म्हणून मी रिपोर्टवर डोळे झाकून सही करते.

नकोशीचं लग्न झालं कुंडलिकशी. सोमेश्वरनगरला कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, माणूस साधा. दहा वर्षं पाळणा हलला नाही. उपास झाले, देव झाले, लोकांची बोलणी तर रोजचीच. आणि शहाण्णवच्या दिवाळीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, छकुली झाली. नकोशी तीस वर्षांची, अंगावर मूठभर मांस, पण चेहरा काय फुलला होता तिचा! कुंडलिकचा सीझन सुरू झालेला, म्हणून बाळंतीण माहेरी कळसलाच राहिली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी जोतीराम गावी गेला तर नकोशी भिंतीला टेकून बसलेली. पाय सुजलेले. "आडवं पडलं की जीव घाबरा हुतोय बग," ती म्हणाली. सारजा म्हणाली, बाळंतवात हाय, काढा देत्येय. जोतीरामानं तिच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. रोज असले पाय त्याच्यासमोर खुर्चीत येऊन बसायचे, पण ते दुसऱ्याचे.

गुरुवारी बारामतीत पुण्याहून हार्टचे डॉक्टर यायचे. बाजाराचा दिवस, जीपमध्ये माणसावर माणूस. तशातून त्यानं तिला नेली. कार्डिओग्राम झाला, एक्स-रे झाला, दुसऱ्या दिवशी पुण्याला त्यांच्या दवाखान्यात नेऊन हृदयाची सोनोग्राफीही झाली. सगळे साधे रक्ततपास जोतीरामानं स्वतःच्या हातानं केले. लिव्हर ठीक, किडनी ठीक, कावीळ नाही. मग डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"जोतीराम, तू या लाईनमधला आहेस म्हणून सरळ सांगतो. हृदय मोठं झालंय आणि ढिलं पडलंय. शंभरातला वीस टक्के जोर उरलाय. बाळंतपणानंतर काही बायकांमध्ये असं होतं. कधी कधी काय होतं, आपल्याच रक्तात हृदयाच्या स्नायूविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. आपलंच रक्त आपल्या हृदयाला शत्रू समजतं. तसं असेल तर स्टेरॉईड देऊन बघता येईल."

"मग द्या की, सर."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. डाव्या बाजूला वर पांढरा डाग होता. "हे बघ. जुना टीबी. अर्धवट राहिलेला. स्टेरॉईडनं तो उठला, तर हे हृदय ते दुखणं सोसणार नाही. म्हणजे अँटीबॉडी असतील आणि स्टेरॉईड दिलं नाही तरी धोका. अँटीबॉडी नसतील आणि दिलं तर नक्की धोका. अंदाजानं नाही करता येत हे. मुंबईला टेस्ट होते. त्या रिपोर्टवर ठरवू."

बहिणीचा जीव एका रिपोर्टवर आला, आणि रिपोर्ट हा तर जोतीरामाचा रोजचा धंदा. त्याला भीती वाटली, पण खोटं कशाला बोला, थोडा धीरही आला. रक्त काढणं, साफ करणं, गार ठेवून पोचवणं, यात त्याचा हात कुणी धरला नसता. मुंबईची लॅब ही टेस्ट आठवड्यातून एकदाच, सोमवारी लावायची आणि नमुना ताजा मागायची. म्हणून रविवारी सकाळी रक्त काढायचं ठरलं. नकोशीला परत जीपचे हिसके सोसले नसते, तेव्हा तोच आपल्या एम-एटी गाडीवर नळ्या, सुया आणि बर्फाचा थर्मास घेऊन कळसला गेला.

घरात शिरल्यावर आधी बिरोबाच्या टाकापुढं वाकायचं, चिमटीनं भंडारा घ्यायचा, कपाळाला लावायचा, मग पाणी प्यायचं. आपली हळदच ती, पण देवापुढं ठेवली की भंडारा. धनगराच्या घरात याला सुट्टी नाही, मग तुम्ही कितीही शिकलेले असा. जोतीरामानंही लावला आणि मग नकोशीच्या दंडाला रबर बांधलं.

"काय करनार रं ह्या रगताचं?" नकोशीनं विचारलं.

"मुंबईला धाडायचं. तितं उंदराच्या काळजाचा पातळ काप काचंवर ठेवत्यात. त्यावर तुज्या रगताचं पानी सोडत्यात. तुजं रगत काळजावर उलटलं असंल, तर ते त्या कापाला चिकाटतं. मग वर चमकनारं औषद घालून निळ्या उजेडात बगत्यात. हिरवं चमाकलं, तर समजायचं सापडलं."

"म्हंजी उंदराचं काळीज आन माजं येकच व्हय?" नकोशी हसली आणि हसताना तिला धाप लागली. "जोत्या, लगीन कर आता. न्हायतर तुला बी उंदीरच बायकू मिळंल."

सारजा मात्र दारात थिजल्यासारखी उभी होती. "म्हंजी हिचंच रगत हिच्या काळजाला खातंय?"

"तसं असंल, आये. बगायचंय."

"मीच नको म्हनलं हुतं हिला," सारजा पदरात म्हणाली. "जल्मल्या जल्मल्या म्हनलं हुतं. तेच ऐकलं रगतानं."

"आये, उगं काय बी बोलू नगंस!" जोतीराम तिच्यावर ओरडला. नळी भरून झाली. त्यानं रबरी बूच लावलं आणि नळी पेल्यात उभी करून देवळीत ठेवली. रक्त गोठायला पाऊण तास लागतो, तोवर हलवायचं नाही, एवढं घरच्यांना बजावलं. पहाटे उठून आलेला होता, अंघोळ राहिलेली. तो विहिरीवर गेला. परत येऊन नळी थर्मासमध्ये घातली आणि निघाला.

बारामतीत लॅब बंद होती, किल्ली त्याच्याकडं. त्यानं नळी यंत्रात फिरवली. खाली रक्ताची गुठळी बसली, वर पाणी सुटलं, आणि त्यानं नळी खिडकीच्या उजेडात धरली. पिवळं. नेहमीचं फिकट पिवळं नव्हे, काविळीच्या माणसाचं असतं तसं. गुरुवारी कावीळ नव्हती. तीन दिवसांत लिव्हर सुजलं म्हणायचं का? हृदय थकलं की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं, हे त्याला ठाऊक होतं. थेंबभर घेऊन तपासलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण मुंबईनं जेवढं मागितलं होतं तेवढंच पाणी निघालेलं, एक थेंब इकडं-तिकडं करायचा त्याला धीर झाला नाही. आणि दुसरंही एक होतं. तपासलं आणि खरंच लिव्हर गेलेलं निघालं, तर? रोज दुसऱ्यांना बेधडक आकडे वाचून दाखवणारा माणूस बहिणीच्या आकड्याला भ्याला. त्यानं पाणी बाटलीत काढलं, बुचावर चिकटपट्टी गुंडाळली, नाव लिहिलं, नवा बर्फ भरला आणि पुण्याची एसटी पकडली. थर्मास मांडीवर. शेजारचा म्हातारा म्हणाला, पाव्हनं, घोटभर च्या द्या की. जोतीरामानं थर्मास पोटाशी धरला. पुण्यात त्या लॅबचा माणूस संध्याकाळच्या गाडीनं नमुने मुंबईला न्यायचा, त्याच्या हातात बाटली दिली तेव्हा कुठं त्यानं पाणी प्यायलं.

पुढच्या शनिवारी एसटीडी बूथवर फॅक्स आला. पॉझिटिव्ह. नुसता पॉझिटिव्ह नाही, जोरदार पॉझिटिव्ह. सबंध काप चमकला, असं लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, नमुना काविळीसारखा पिवळा होता. ती जोतीरामानं वाचली आणि पुढं गेला. पुढं जाणारच! डॉक्टर फोनवर म्हणाले, "चला, उपाय करायला जागा सापडली." रक्त बहिणीच्या काळजावर उलटलंय हे कळलं म्हणून पेढे घेणारा माणूस बारामतीच्या बाजारात त्या दिवशी हा एकटाच असेल. कळसला पोचला, तर सारजानं पेढा हातात धरून त्याच्याकडं नुसतं बघितलं. "सापडलं?" "सापडलं, आये. गोळ्या हायेत त्याच्यावर." सारजा देवापुढं जाऊन लोटांगणच घालायला लागली.

आणि गोळ्यांनी जादू केली की हो! चार दिवसांत नकोशीला भूक लागली. दहाव्या दिवशी ती भाकरी मागून घ्यायला लागली. गाल वर आले. छकुलीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवायला लागली. सोमेश्वरनगरहून कुंडलिक एक दिवसाची रजा काढून आला, तर त्याला म्हणाली, "ह्या साली उसाच्या ट्रॉलीवर बसवून फिरवून आना मला." कुंडलिक लाजून बाहेर गेला.

त्या आठवड्यात जोतीरामानं तिचं रक्त पुन्हा तपासलं. कावीळ नाही. आकडा गुरुवारच्या इतकाच, अगदी साफ. त्यानं आकडा दोनदा बघितला. जगात एकच माणूस असा होता, की ज्याच्या समोर तिन्ही गोष्टी होत्या. आधीचं साफ रक्त, मधलं पिवळं पाणी आणि आताचं साफ रक्त. दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं असतं, तर यानंच मॅडमला हाक मारून म्हटलं असतं, मॅडम, मधल्या नमुन्यात काहीतरी घोळ आहे. पण नकोशी भाकरी खात होती. जोतीरामानं मनाशी म्हटलं, गोळ्यांनी लिव्हर पण सुधारलं. आणि वही मिटली. माणसाला आशा लागली ना, की डोळे असून दिसत नाही. त्याला दोष तरी किती द्यायचा?

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. आधी बारीक, मग चढता. मग खोकला. जोतीरामाला तो खोकला ओळखीचा वाटला, पण बाप गेला तेव्हा तो लहान होता, आपल्याला भास होतो असं त्यानं धरलं. एका सकाळी नकोशीनं पदराला तोंड पुसलं आणि पदर गुंडाळून मागं लपवला. सारजानं तो ओढून बघितला तर लाल.

बारामतीत आणली. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. डाग राहिला नव्हता, सगळं फुफ्फुसच पांढरं झालं होतं. स्टेरॉईड उतरवायला घेतलं, टीबीची औषधं सुरू केली, पण ज्या हृदयात वीस टक्के जोर तेही आता दमलं होतं. सहा दिवस ती उशांना टेकून बसूनच होती. पाचव्या दिवशी तिनं जोतीरामाला जवळ बोलावलं. "जोत्या," ती म्हणाली, एकेका शब्दाला थांबत, "छकुलीचं नाव बदलू नगा कुनी. चांगलं हाय." त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाहेर बाजार भरलेला, कांदे-बटाट्याचे पुकारे खिडकीतून आत येत होते, आणि दुपारी बाराच्या सुमाराला ती गेली. कुंडलिकला निरोप गेला तेव्हा तो भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रांगेत होता. ट्रॅक्टर तिथंच टाकून तो आला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसला. आत काही गेला नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. जोतीराम कामावर आला, पण माणूस पार मोडला होता. नळ्या कुणीही धुवो, त्याचं लक्ष नसायचं. एका दुपारी त्यानं नकोशीचे सगळे कागद टेबलावर मांडले आणि जे दोन महिन्यांपूर्वी करायला पाहिजे होतं ते केलं. तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, आधीचं रक्त नॉर्मल, नंतरचं नॉर्मल, आणि मधला नमुना काविळीसारखा पिवळा. असं होईल का?"

मॅडम म्हणाल्या, "कावीळ अशी येऊन जात नाही. नमुन्यात बाहेरून काहीतरी पडलं असणार."

"आणि ती हृदयाच्या अँटीबॉडीची टेस्ट असेल तर?"

"पिवळं म्हणजे काय, हळदबिळद? मग सत्यानाशच. हळद स्वतःच चमकते त्या निळ्या उजेडात, आणि हिरवीच. अँटीबॉडी असो नसो, सगळा काप चमकणार. बघणाऱ्याला वाटेल पॉझिटिव्ह." मॅडमनी चष्मा काढला. "कुणाचा नमुना, जोतीराम?"

"जुना आहे," तो म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर येऊन तो नळ्यांच्या स्टँडपुढं उभा राहिला. भंडारा. त्या सकाळी त्यानं चिमटीनं भंडारा घेतला होता, कपाळाला लावला होता आणि त्याच बोटांनी बूच दाबलं होतं. मध्ये हात धुतले होते का? तो आठवत राहिला. साबण आठवेना, पाणी आठवेना. दुसऱ्यांच्या हाताला नावं ठेवणारा हा माणूस, बहिणीच्या रक्ताला हळदीच्या हातानं शिवला! तिच्या रक्तात शत्रू नव्हताच कदाचित. साध्या गोळ्यांवर ती वर्षभर, दोन वर्षं, कोण जाणे, बरीसुद्धा झाली असती. चार दिवस त्यानं ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी ठेववेना. आईला सांगायचं, मग ती काय शिक्षा देईल ती घ्यायची, असं ठरवून तो कळसला गेला.

सारजा ओसरीवर ज्वारी निवडत होती. छकुली गोधडीवर पडून पाय झाडत होती. जोतीराम देवापुढं गेला नाही, पाणी मागितलं नाही. ओसरीवरच बसला आणि छकुलीला उचलून मांडीवर घेतलं.

"आये, आक्का माज्या हातानं गेली."

सारजाचा हात सुपात थांबला.

"त्या दिशी रगत काढलं तवा माजा हात..."

"गप बस," सारजा म्हणाली. "तुज्या हातानं कशी जाईल? तिच्यासाटी तू किती वनवन केलीस, मला दिसत न्हवतं व्हय? गेली ती माज्यामुळं." तिनं सूप बाजूला सारलं. "तुला सांगितलं न्हाय मी. तू रागावशील म्हनून. तू हिरीवर गेलास आन ते रगत देवळीत हुतं. तू म्हनला हुतास, मुंबईचं लोक उजेडात धरून बगत्यात. म्हनलं, त्येस्नी नुसतं रगत का दिसावं, देव बी दिसू दे. म्हनून बूच काडलं आन बिरोबाचा भंडारा घातला त्यात. चिमूटभर."

जोतीरामानं आपली बोटं उघडून बघितली.

"चिमूटच घातला रं!" सारजाचा आवाज फाटला. "मूठ भरली हुती मी. आन परत वतली. म्हनलं, रगत नासंल, जोत्या वराडंल. पोरीच्या जल्मात पयल्यांदा तिच्यासाटी देवाकडं काय मागितलं, तर तितं बी हात आखडला मी. तिला जल्मभर कमीच दिलं. भाकर कमी, कापड कमी, आन शेवटाला देव बी कमी. त्यो रिपोट चांगला आला, तवा मला वाटलं देवानं तेवढ्यात भागवलं. पर न्हाय भागलं." तिनं त्याचा गुडघा धरला. "तू शिकलेला हायेस. खरं सांग मला. कमी पडला म्हनूनच गेली न्हवं ती?"

इतके दिवस ज्या ओझ्याखाली तो वाकला होता, ते त्याचं नव्हतंच. त्याची बोटं साफ होती. एक वाक्य बोललं असतं तरी त्याची सुटका होती. समोर आई बसली होती, पासष्ट वर्षांची, गुडघा धरून.

"न्हाय, आये," तो म्हणाला. "देवाचं काय कमी पडलं न्हाय."

"मग कशानं गेली?"

"सांगितलं की तुला. माज्या हातानं. बाटल्यांची अदलाबदल झाली माज्याकडनं. आक्काचं रगत लॅबमदीच राहिलं. मुंबईला गेलं ते दुसऱ्याचंच हुतं. गोळ्या त्याच्या, आन खाल्ल्या आक्कानं."

सारजाला समजायला वेळ लागला. मग तिनं त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "दुसऱ्याचं?" ती म्हणाली. "आन माजा भंडारा?"

"त्यो गेलाच न्हाय मुंबईला. तुजा काय दोष न्हाय."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली. "ह्याच्यासाटी मेंढरं राखली व्हय तिनं?" एवढंच म्हणाली. मग उठली, त्याच्या मांडीवरून छकुलीला उचललं, आत गेली आणि दाराला कडी घातली.